बटर चिकनची खरी परीक्षा: तंदूर, टोमॅटो आणि लोणी

बटर चिकन टेबलावर आलं की नजर आधी ग्रेव्हीवर जाते. रंग कसा आलाय, क्रीमची रेघ मारली आहे का, वर बटरचा तुकडा वितळतोय का. ग्रेव्ही महत्त्वाची आहेच, पण या पदार्थाचा अर्धाअधिक निकाल तिच्याही आधी तंदूरपाशी लागलेला असतो. हॉटेलात नीट पेटलेला तंदूर नसेल तर तिथं मिळतं ते टोमॅटो-क्रीममधलं चिकन. ते चवीला बरं लागेलही, पण त्याला बटर चिकन म्हणता येत नाही.

पदार्थाचा जन्मच तंदूरशेजारचा. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीत आलेल्या मंडळींनी १९४७ मध्ये दर्यागंजमध्ये मोती महाल हे हॉटेल सुरू केलं. कुंदनलाल गुजराल, कुंदनलाल जग्गी आणि ठाकुरदास मागो ही त्यातली नावं. भट्टीतून काढून टांगून ठेवलेलं तंदुरी चिकन थोड्या वेळात सुकायला लागतं, आणि त्यात पुन्हा जीव आणायला टोमॅटो-लोण्याचा रस्सा निघाला, अशी याची सर्वत्र सांगितली जाणारी हकिगत आहे. मूळ कल्पना कोणाची, यावरून २०२४ मध्ये प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं: एका बाजूला गुजराल घराण्याचं मोती महाल, दुसऱ्या बाजूला जग्गींच्या वारशाशी नातं सांगणारी दर्यागंज ही रेस्टॉरंट साखळी. खाणाऱ्यानं त्यातून एवढंच घ्यावं की भांडण ज्या पदार्थावर आहे तो तंदुरी कोंबडीचा आणि लोण्यात शिजलेल्या टोमॅटोचा आहे. जुन्या पद्धतीत कांदा नाही, हळद नाही, धने-जिऱ्याची पूड नाही. काजूसुद्धा नंतर आले.

कोंबडी

साफ केल्यावर ८०० ग्रॅम ते १ किलो भरणारी, कातडी काढलेली कोंबडी यासाठी योग्य. दीड किलोची घेतली की बाहेरचा भाग भाजून होईपर्यंत मांडीचं हाड आतून लालच राहतं, आणि ते शिजेपर्यंत थांबलं तर छातीचा भाग भुशासारखा कोरडा होतो. चिरे हाडापर्यंत हवेत: मांडीला तीन, तंगडीला दोन, छातीला दोन-तीन. वरवर चिरे दिले की मसाला कातडीच्या जागी बसतो आणि आतला घास अळणी लागतो. हॉटेलात पीस तोडून आतलं मांस नुसतं, ग्रेव्हीशिवाय खाऊन बघा. त्याला मिठाची आणि लिंबाची चव लागली तर मुरवणाऱ्यानं काम केलंय.

मुरवण दोनदा होते, आणि घाईच्या हॉटेलात नेमकी इथंच काटछाट होते. पहिली: किलोभर कोंबडीला दोन मोठे चमचे लिंबाचा रस, दीड छोटा चमचा मीठ, दोन छोटे चमचे काश्मिरी मिरची पूड, दोन चमचे आलं-लसूण. अर्धा तास बास. लिंबात तासन्‌तास ठेवली की वरचा थर खडूसारखा पांढरट आणि कोरडा होतो. मग सुटलेलं पाणी ओतून टाकायचं आणि दुसरी मुरवण लावायची: दीडशे ते दोनशे ग्रॅम चक्का, पुन्हा थोडं आलं-लसूण, दोन मोठे चमचे मोहरीचं तेल, एक चमचा कसुरी मेथी, अर्धा चमचा गरम मसाला. ही फ्रिजमध्ये चार ते सहा तास.

चक्का म्हणजे चक्काच, श्रीखंडाला बांधतो तसा टांगून पाणी काढलेला. दही पातळ असेल तर ते तंदूरमध्ये गळून पडतं, कोंबडी भाजण्याऐवजी वाफेवर शिजते, आणि कडेला जो काळपट, कुरकुरीत डाग यायला हवा तो येत नाही. कच्च्या पपईचीही तीच गत. जून, चिवट कोंबडीला ती ठीक, पण कोवळ्या ब्रॉयलरला पपई लावली की मांसाचा लगदा होतो. पीस काट्यानं टोचल्यावर तंतू न सुटता नुसता पेस्टसारखा दबला तर समजावं की पपई जास्त झाली.

तंदूरचं तापमान साडेतीनशे ते साडेचारशे अंशांच्या आसपास असतं. घरच्या ओव्हनला हे जमत नाही. अख्खी किंवा अर्धी कोंबडी शिगेवर आठ-दहा मिनिटं भाजतात, बाहेर काढून पाच मिनिटं टांगतात, म्हणजे रस निथळतो. मग लोणी किंवा तेल फासून तीन-चार मिनिटांसाठी पुन्हा आत. तंदुरी म्हणून द्यायची असेल तर ही दुसरी फेरी पूर्ण. बटर चिकनसाठी उस्ताद ती जरा आधीच काढतो, कारण उरलेलं शिजणं ग्रेव्हीत पाच-सात मिनिटांत होतं. पूर्ण भाजलेली कोंबडी परत दहा मिनिटं उकळली की ती चिवट होणारच. हाडाजवळ लाली दिसली, तर मात्र पीस बिनदिक्कत परत पाठवावा.

खालच्या ताटात निथळलेला तो रस हे चांगल्या हॉटेलचं भांडवल आहे. त्यात कोंबडीची चरबी, भाजलेला मसाला, दह्याचा आंबटपणा आणि धूर सगळंच असतं. तो कढईत, त्या एका ऑर्डरच्या ग्रेव्हीत, दोन-तीन चमचे घालायचा. तयार ठेवलेल्या मोठ्या भांड्यात नाही, कारण तीच ग्रेव्ही पुढे पनीर मखनीलाही जाते. तंदूरमधलं चिकन आणि ग्रेव्ही यांचं नातं या रसानं जुळतं. तो नसला की ग्रेव्ही वेगळी आणि पीस वेगळे, असे दोन पदार्थ एका वाडग्यात बसलेले लागतात.

बोनलेस मागवलं असेल तर तुकडा उलटून बघा. शिगेवर भाजलेल्या टिक्क्याला आरपार भोक असतं आणि त्या भोकाच्या कडा किंचित फिकट, कोरड्या असतात. एका बाजूला काळे ठिपके, दुसरी बाजू जरा कमी भाजलेली. तव्यावर परतलेल्या तुकड्याला भोक नसतं, आणि भाजल्याची खूण असलीच तर दोन्ही सपाट बाजूंना सारखी तपकिरी. तळलेल्याची कड चारी बाजूंनी एकसारखी कडक लागते. मेन्यूत काहीही लिहिलेलं असो, हे भोक खोटं बोलत नाही. आमचा कौल हाडासकट पिसांना आहे: मांडी आणि तंगडी ग्रेव्हीत गेल्यावरही रसाळ राहतात, छातीचे चौकोनी तुकडे पाच मिनिटांच्या पुढे टिकत नाहीत. बोनलेसच हवं असेल तर मांडीचं बोनलेस आहे का, हे विचारावं.

धुराचा प्रश्न आता शहरांमध्ये अवघड झाला आहे. हवा बिघडली की दिल्लीत हॉटेलांच्या तंदूरमध्ये कोळसा-लाकूड जाळण्यावर निर्बंध येतात. मुंबईतही उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर महापालिकेनं २०२५ मध्ये कोळशाच्या भट्ट्या बंद करून गॅस किंवा विजेवर जाण्याच्या नोटिसा काढल्या. हवेसाठी हे योग्यच आहे, आणि चवीसाठी रडण्याचंही तितकं कारण नाही. तंदुरीचा वास बराचसा कोळशाचा नसतोच. मुरवणीतलं तेल आणि रस तापलेल्या तळावर पडून जो धूर होतो, तो परत कोंबडीला लागतो. मातीचा गॅस तंदूर चांगला तापवला आणि तळाशी तापलेला दगड किंवा पत्रा असला, तर हे गॅसवरही बऱ्यापैकी साधतं. विजेच्या तंदूरमध्ये ते कमी पडतं. मग काही जण ग्रेव्हीत पेटता कोळसा वाटीत ठेवून वर तूप सोडून झाकण लावतात. दोन मिनिटं ठीक. पाच मिनिटं झाली की ग्रेव्हीला काजळीचा कडूपणा येतो आणि तो कितीही क्रीम ओतलं तरी जात नाही.

टोमॅटो

मखनी ग्रेव्ही ही टोमॅटोची ग्रेव्ही आहे, आणि टोमॅटोबद्दल एक गैरसमज स्वयंपाकघरात पक्का बसलाय: जास्त शिजवलं की आंबटपणा जातो. तो जात नाही. पाणी आटलं की आंबट उलट दाट होतं. शिजवल्यानं जातो तो कच्चा, हिरवट वास. आंबटपणाला तोलून धरायचं काम लोण्याचं, मिठाचं आणि चिमूटभर गोडाचं. हे ज्या आचाऱ्याला कळत नाही तो आंबट लागलं की साखर घालत जातो, आणि महाराष्ट्रातल्या कितीतरी फॅमिली रेस्टॉरंटांत बटर चिकन शिऱ्यासारखं गोड मिळतं ते यामुळे.

एका किलोच्या कोंबडीला किलोभर लालभडक, पूर्ण पिकलेले टोमॅटो लागतात. आपल्याकडे नारायणगाव आणि पिंपळगाव बसवंतच्या बाजारातून येणारे लांबट, जाड सालीचे संकरित टोमॅटो गराला चांगले असतात, पण पिकण्याआधी तोडलेले असतील तर रंग आणि चव दोन्हींत मार खातात. पावसाळ्यात टोमॅटो पाणचट. अशा वेळी दहा-पंधरा टक्के जागा टोमॅटो पेस्टला दिली तर चालतं. २०२३ च्या पावसाळ्यात टोमॅटो शंभरीच्या पार गेले तेव्हा अनेक ठिकाणी ग्रेव्हीची चव बदललेली कळत होती: व्हिनेगर आणि लवंगेचा एक ओळखीचा वास यायचा, म्हणजे सॉस. सॉसनं रंग येतो, दाटपणा येतो, गोडवाही येतो, पण जिभेच्या मागे राहणारा आंबट टोच टोमॅटोचा नसून व्हिनेगरचा असतो.

पद्धत सरळ आहे, वेळखाऊ आहे. टोमॅटो चौकोनी कापून, तीसेक ग्रॅम काजू, दोन चमचे आलं-लसूण, चार-पाच हिरव्या वेलच्या, चार लवंगा, जावित्रीचं एक पान, एक तमालपत्र आणि पन्नास ग्रॅम लोणी, सगळं जाड बुडाच्या पातेल्यात घालून, थोडं पाणी ओतून, झाकण ठेवून मंद आचेवर पस्तीस ते चाळीस मिनिटं. अख्खा मसाला पोटलीत बांधलेला बरा. तो वाटणात गेला की वेलचीच्या सालीमुळे ग्रेव्ही करडी दिसते आणि औषधासारखी लागते. काजू बोटांत चिरडले जातील इतके मऊ झाले की मसाला काढायचा, मिश्रण गार करायचं, वाटायचं आणि गाळायचं.

गाळणं हा या पदार्थातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात निर्णायक भाग. बारीक जाळीच्या गाळणीतून, पळीच्या पाठीनं दाबत दाबत. चांगल्या हॉटेलात एकदा गाळणीतून आणि एकदा फडक्यातून. वरच्या सालीचे तुकडे आणि बिया बाहेर राहिल्या पाहिजेत. मिक्सर फार वेळ फिरवला तर बिया चिरडून कडवटपणा उतरतो आणि हवा भरल्यानं ग्रेव्ही फिकट गुलाबी होते. ती पुन्हा दहा मिनिटं खदखदवली की रंग परत येतो. जिभेवर वाळूसारखी कचकच लागली, तर काजू कच्चे राहिलेत किंवा गाळणीला सुट्टी दिली गेली आहे.

काजूंबद्दल आमचं मत ठाम आहे: किलोला तीस ग्रॅम, फार तर चाळीस. ते टोमॅटोचा गर आणि लोणी यांना एकत्र धरून ठेवतात, एवढंच त्यांचं काम. शंभर ग्रॅम काजू घातले की तो शाही कुर्मा होतो. मगजबी, म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, स्वस्त पडतं म्हणून भरमसाट वापरतात, पण त्यानं ग्रेव्ही पिठूळ होते. कॉर्नफ्लोअर घातलेली ग्रेव्ही गरम असताना कळत नाही. वाडग्यात थंड होऊ द्या: चमचा घातल्यावर तिचा थरथरता तुकडा निघतो.

कांद्याची गोष्ट वेगळी. बऱ्याच हॉटेलांत सकाळी तीन-चार ग्रेव्ह्या करून ठेवतात: कांदा-टोमॅटोची तांबडी, काजू-कांद्याची पांढरी, मखनी आणि कढईची. यात काही चूक नाही. चूक तेव्हा होते जेव्हा मखनी वेगळी केलेलीच नसते आणि तांबडीत क्रीम, साखर, बटर घालून बटर चिकन म्हणून पाठवतात. कांद्यामुळे ग्रेव्हीला रवाळपणा आणि एक सपाट गोडवा येतो, टोमॅटोचा आंबट झणका बुजतो. हळद असेल तर रंग शेंदरीवरून पिवळट-तपकिरी होतो. वरून कोथिंबीर भुरभुरली असेल तर बहुतेक वेळा खाली तांबडी ग्रेव्ही असते. मखनीवर कोथिंबीर लागत नाही.

रंग

रंग काश्मिरी मिरचीचा. आपल्याकडे ब्याडगी सहज मिळते, तीही चालते. तिखटपणा दोन्हींचा कमी. दीड मोठा चमचा पूड लोण्यात, अगदी मंद आचेवर, पंधरा-वीस सेकंद. मिरचीचा रंग स्निग्धात उतरतो, म्हणून ती पाण्यात घालून उपयोग नाही. आच जरा वाढली की पूड काळी पडते आणि ग्रेव्ही विटकरी, कडवट होते. लोणी पूर्ण वितळून फेस बसायच्या आत मिरची गेली पाहिजे.

भडक शेंदरी-लाल रंग दिसला तर हात धुताना बघा. मिरचीचा रंग तेलकट असतो, साबणाशिवाय बोटांवरून निघत नाही आणि पाणी रंगत नाही. कृत्रिम रंग पाण्यात विरघळतो: नळाखाली बोटं धरली की गुलाबी-केशरी पाणी वाहतं. तंदुरी चिकनमध्ये कृत्रिम रंगाला परवानगी नाही. कर्नाटक सरकारनं २०२४ मध्ये कबाबांमधल्या कृत्रिम रंगावर वेगळी बंदीही घातली. चांगल्या मखनीचा रंग जरासा मातकट शेंदरी असतो आणि तो सगळ्यात गडद दिसतो वाडग्याच्या कडेला, जिथं लोण्याचा पातळ तवंग जमतो.

लोणी, क्रीम आणि शेवटची पाच मिनिटं

नावात बटर आहे, म्हणून ते कोणतं हा प्रश्न रास्त आहे. घरचं किंवा डेअरीचं पांढरं, बिनमिठाचं लोणी सर्वांत चांगलं. पिवळं टेबल बटर वापरलं तर त्यातलं मीठ हिशेबात धरून ग्रेव्हीत मीठ शेवटी घालायचं. हे विसरल्यामुळे खारट झालेलं आणि मग साखरेनं दुरुस्त केलेलं बटर चिकन हा हॉटेलांतला नेहमीचा प्रकार आहे. लोण्याचे दोन हप्ते: पन्नास ग्रॅम टोमॅटोबरोबर शिजायला, तीस-चाळीस ग्रॅम थंडगार तुकडे गॅस बंद करता करता. दुसरा हप्ता उकळत्या ग्रेव्हीत टाकून खदखदवला तर लोणी फुटून वर तेल येतं. आच बंद करून, कढई हलवत हलवत मुरवलं तर ग्रेव्हीला ती तुकतुकी येते जी चमच्याच्या पाठीवर रेशमासारखी पसरते.

मिसळीवर तर्री हवीच, पण बटर चिकनवर बोटभर तेल म्हणजे ग्रेव्ही फुटली आहे. पातळ शेंदरी तवंग चालतो. चमच्यानं तो बाजूला सारल्यावर खाली पाणी आणि गर वेगळे दिसले, तर ती सकाळची ग्रेव्ही दोनदा-तीनदा उकळलेली आहे.

क्रीम शंभर मिलिलिटर पुरे. बाजारात डब्यात मिळणाऱ्या फ्रेश क्रीममध्ये साधारण २५ टक्के स्निग्धांश असतो, आणि टोमॅटोच्या आंबटात उकळलं की असं क्रीम नासतं: बारीक पांढरे कण दिसतात. स्निग्धांश जितका कमी आणि दुधाची प्रथिनं जितकी जास्त, तितकं लवकर फाटतं. म्हणून आच मंद, क्रीम खोलीच्या तापमानाला, आणि आधी दोन चमचे गरम ग्रेव्ही क्रीममध्ये मिसळून मग सगळं कढईत. केकवाल्यांचं वनस्पती तेलाचं गोड व्हिपिंग क्रीम काही जण वापरतात कारण ते फाटत नाही. खाल्ल्यावर टाळूला मेणाचा थर चिकटल्यासारखं झालं आणि व्हॅनिलाची पुसट आठवण आली तर ते हेच.

कसुरी मेथी सर्वांत शेवटी. कसुरी हे नाव पाकिस्तानातल्या कसूरवरून आलं, पण आपल्याकडे ती येते बहुतांशी राजस्थानातल्या नागौरकडून. तव्यावर वीस सेकंद शेकायची, तळहातांत चोळून चुरा करायचा, किलोला एक छोटा चमचा. चमचाभर जास्त पडली किंवा ग्रेव्हीबरोबर उकळली की कडू होते, आणि मग सगळी चव मेथीचीच. गोडासाठी मध किंवा साखर एक ते दोन छोटे चमचे, टोमॅटो चाखून. पहिल्या घासाला आंबट आणि धूर, मग लोणी, आणि घास गिळल्यावर मिरचीची उब. गोड वेगळं जाणवलंच नाही पाहिजे.

दिल्लीत काय, इथं काय

दिल्लीतही एकच चव नाही. दर्यागंजच्या मोती महालच्या परंपरेतलं बटर चिकन टोमॅटोकडे झुकतं, हाडासकट असतं. इंडिया गेटजवळच्या पंडारा रोडवर, गुलाटीसारख्या ठिकाणी ते जास्त गुळगुळीत, जास्त मलईदार. पहिल्यांदा दिल्लीला जाणाऱ्याला हेच पटकन आवडेल. जामा मशिदीसमोरच्या मटिया महाल गल्लीत अस्लमकडे जे बटर चिकन म्हणून मिळतं ते तिसरंच: कोळशावर भाजलेली कोंबडी आणि तिच्यावर लोणी-दही-मलईचं पांढरट मिश्रण, टोमॅटो जवळजवळ नाहीच. ते त्याच्या जागी उत्तम आहे, पण मखनीच्या अपेक्षेनं जाऊ नये. आमची पसंती पहिल्या प्रकाराला. मलईदार मखनी दोन घास भारी लागते आणि अर्ध्या नानपाशी जीभ थकते. टोमॅटोचा टोच असलेली शेवटच्या तुकड्यापर्यंत खावीशी वाटते.

मुंबईत पंजाबी खाणं रुजलं त्यात सायन कोळीवाड्याच्या, आताच्या गुरू तेगबहादूर नगरच्या निर्वासित वस्तीचा मोठा वाटा आहे. तिथून पुढे राज्यभर पसरलेल्या ‘पंजाबी डिश’मध्ये मात्र तांबडी ग्रेव्ही, सिमला मिरची आणि किसलेलं चीज कसं शिरलं ते प्रत्येक गावात वेगळं. नागपूरकडे ते तिखट होतं, पुण्यात गोड. तिखट करण्यात पाप नाही, फक्त तिखटपणा हिरव्या मिरचीचा असावा, लाल तिखटाचा नाही, नाहीतर टोमॅटो झाकला जातो. परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना: इंग्लंडमधल्या बहुतेक टेकअवेंमध्ये एकाच उकडलेल्या कांद्याच्या ग्रेव्हीवर सगळ्या करी उभ्या असतात. तिथं बटर चिकन आणि चिकन टिक्का मसाला यांत फरक क्रीम-साखरेचाच उरतो. २००१ मध्ये परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी ब्रिटनचा राष्ट्रीय पदार्थ म्हटलं होतं ते टिक्का मसाल्याला. तो मसालेदार, बहुतेकदा कांद्याचा, वेगळा पदार्थ आहे.

मागवताना

अनोळखी हॉटेलात थेट बटर चिकन मागवू नये. आधी तंदुरी हाफ. चिरे हाडापर्यंत आहेत का, कडा भाजल्या आहेत का, आतलं मांस चवदार आहे का, हे पाच मिनिटांत कळतं. ते फसलं असेल तर त्याच कोंबडीचं बटर चिकन वाचणार नाही, दुसरं काही मागवा. टेबलावर शाकाहारी कोणी असेल तर पनीर मखनी आधी येऊ द्या, ग्रेव्हीची परीक्षा तिथंच होते. वेटरला विचारण्यासारखे प्रश्न दोनच: ग्रेव्हीत कांदा आहे का, आणि हाफमध्ये किती पीस. ‘सगळं फ्रेश आहे साहेब’ हे दोन्हींचं उत्तर नाही. हाफ म्हणजे अर्धी कोंबडी: एक मांडी, एक तंगडी आणि छातीचे दोन तुकडे. त्याऐवजी चार पंखांचे तुकडे आले तर कॅप्टनला बोलवावं.

दुपारी चारला जाण्यात अर्थ नाही. तंदूर तेव्हा विझत आलेला असतो आणि कोंबडी बाराची. रात्री आठ ते साडेनऊ ही वेळ चांगली. सोबत तंदुरी रोटी किंवा बटर नसलेलं साधं नान घ्या, बटर नान नको, लोण्यावर लोणी चढून ग्रेव्हीचा आंबटपणा मरतो. जाड नानला ग्रेव्ही चिकटायला हवी आणि तुकडा उचलल्यावर दोन थेंब वाडग्यात परत पडायला हवेत. एकही पडला नाही तर दाट, धार लागली तर पातळ. भातावर ती जरा जडच वाटते, पण भातच हवा असेल तर साधा, जिरा राइस नको. कांदा, लिंबू आणि हिरवी मिरची बाजूला असावी. लिंबू ग्रेव्हीत पिळू नये, कांद्यावर पिळावं.

पार्सल नेणार असाल तर हाडासकटच न्या. बंद डब्यात वाफेवर बोनलेसचे तुकडे पुढे शिजत राहतात, आणि अर्ध्या तासानं रबरासारखे लागतात. घरी गरम करताना मायक्रोवेव्हची पूर्ण शक्ती वापरली की लोणी सुटून वर येतं. त्यापेक्षा पीस बाजूला काढा, ग्रेव्ही जाड बुडाच्या भांड्यात मंद आचेवर ठेवा, दोन-तीन चमचे गरम पाणी घालून चमच्यानं एकाच दिशेनं ढवळा. कडेला बारीक बुडबुडे दिसायला लागले की पीस आत, झाकण, तीन मिनिटं, गॅस बंद. फ्रिजमधली ग्रेव्ही फुटलीच असेल तर गॅसवरून उतरवून त्यात एक मोठा चमचा गार क्रीम घाला आणि जोरात घोटा, बरीचशी परत जुळून येते.